मेहुणीच्या नावावर फ्लॅट आणि तीन लाख रोख टोकन: एजंटने काय करायचं

दादा, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. नाशिकला तुम्ही दोघे भाऊ पार्टनरशिपमध्ये एजन्सी चालवता, महारेराचा नंबर आहे, गेल्या वर्षी दलाली २७ लाख झाली आणि आता सीए म्हणतोय की तुम्हाला पीएमएलए, म्हणजे काळा पैसा पांढरा करण्याविरुद्धचा कायदा, लागू होतो, एफआययू या सरकारी कचेरीकडे नोंदणी करा. आणि नेमकी त्याच आठवड्यात एक पार्टी आलीय, गंगापूर रोडचा ८५ लाखांचा रीसेल फ्लॅट, नाव मेहुणीचं टाकायचंय कारण बाईमाणसाला स्टॅम्प ड्युटीत एक टक्का सवलत, ॲग्रीमेंटला ६२ दाखवायचे कारण रेडीरेकनर, म्हणजे सरकारी दर, तेवढाच येतो, आणि ३ लाख टोकन उद्याच रोख द्यायला तयार. घेऊ का, आणि घेतलं तर आमच्यावर काय येईल, असं विचारलंय.

मी पुण्यात २००३ पासून याच धंद्यात आहे, आधी कोथरूडला, आता बाणेरला, आणि २०२१ पासून आमच्या ऑफिसातलं पीएमएलएचं सगळं काम मीच बघते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. घाईत असाल तर एवढंच वाचा: टोकन रोख घेऊ नका. बाकीचं चहा घेत वाचलं तरी चालेल पण वाचा, कारण उद्याची पार्टी जाईल, दुसरी येईल, तेव्हा परत हाच प्रश्न पडणार आहे.

तर पहिलं, लागू होतो का? हो, होतो. २८ डिसेंबर २०२० ला केंद्र सरकारने नोटिफिकेशन काढून जमीनजुमल्याच्या खरेदी-विक्रीत सेवा देणारे आणि वर्षाला २० लाख किंवा त्याहून जास्त टर्नओव्हर असलेले रिअल इस्टेट एजंट पीएमएलएच्या कक्षेत आणले, म्हणजे कायद्याच्या भाषेत आपण रिपोर्टिंग एंटिटी झालो, जशा बँका आहेत तशाच. टर्नओव्हर म्हणजे तुमची दलाली बरं का, विकलेल्या फ्लॅटांच्या किमतीची बेरीज नाही, आणि तुमची २७ आहे म्हणजे तुम्ही सरळ आत. आपल्यातले बरेच जण म्हणतात की महारेराचं सर्टिफिकेट आहे, परीक्षा पास झालोय, आता अजून काय, पण रेरा वेगळा आणि हा वेगळा. रेरा बघतो की तुम्ही ग्राहकाला फसवत नाही ना, नोंदणी नसलेला प्रोजेक्ट विकत नाही ना. पीएमएलए बघतो की ग्राहक जो पैसा घेऊन आलाय तो कुठून आलाय. आणि या कामासाठी आपल्यावर देखरेख महारेराची नाहीये, ती सीबीआयसीची, म्हणजे जीएसटी-कस्टमवाल्या मंडळाची, त्यांच्या गाइडलाइन्स आहेत रिअल इस्टेट एजंटांसाठी वेगळ्या, त्या डाउनलोड करून एकदा दोघा भावांनी शांतपणे वाचून काढा. रिपोर्ट मात्र जातात दिल्लीच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे, तेच ते एफआययू.

हे एकदम आकाशातून पडलं असं नाही. एफएटीएफ म्हणून काळ्या पैशाविरुद्ध नियम घालून देणारी जी आंतरराष्ट्रीय संस्था आहे, भारत तिचा २०१० पासून मेंबर, तिच्या शिफारशींतच आहे की बँकांबरोबर सोनार, कॅसिनो, सीए, वकील आणि जमिनीचे दलाल यांनाही हे नियम लावा, कारण बँकेने दार लावलं की काळा पैसा खिडकी शोधतो आणि ती खिडकी बहुतेक वेळा आपण असतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांची टीम भारतात येऊन गेली, सप्टेंबर २०२४ ला रिपोर्ट बाहेर आला. त्याच्याआधी मे २०२३ मध्ये सीए, कंपनी सेक्रेटरी यांनाही ग्राहकाच्या वतीने प्रॉपर्टीची खरेदी-विक्री वगैरे केली तर यात घेतलं. म्हणजे तुमचा सीए जो सांगतोय तो स्वतःही यात असू शकतो, त्याचं ऐका.

आता मी तुम्हाला कलमं नंतर सांगते, आधी २०१४ ची गोष्ट सांगते, कारण माझं डोकं त्या गोष्टीने बदललं, नोटिफिकेशनने नाही.

बाणेरला एक टू बीएचके होता रीसेलचा. बघायला दोघे आले, एक पन्नाशीचे गृहस्थ, त्यांना मी साहेब म्हणायचे, आणि बरोबर तिशीतला एक मुलगा. फ्लॅट मुलाच्या नावावर घ्यायचा होता. साहेबांनी किचनच्या ओट्यावर टकटक करून पाहिलं, बाथरूमचा नळ सोडला, पाण्याचा टँकर लागतो का विचारलं, मागच्या बाजूला पुढे टॉवर येणार का विचारलं. मुलगा चपला हातात घेऊन दारातच उभा. ज्याच्या नावावर घर होणार आहे तो आत बेडरूम बघायलाही गेला नाही. त्याने मला अख्ख्या व्यवहारात एकच प्रश्न विचारला, "मॅडम, गाडी खाली कुठे लावू?" पैसे चार खात्यांतून आले, त्यातली दोन नावं मी आधी कधी ऐकलेली नव्हती, मला वाटलं घरातलेच असतील कोणी. रजिस्ट्रेशनला डेटा एंट्रीवाल्याने मोबाइल नंबर विचारला तर मुलाने साहेबांकडे बघितलं आणि त्यांचा नंबर दिला. मी शेजारीच उभी होते. दलाली पाकिटात रोख मिळाली आणि मी खुशीत घरी गेले.

दोन वर्षांनी तपास यंत्रणेचं पत्र आलं. तीन दिवस हेलपाटे घातले मी. त्यांनी माझी डायरी मागवली होती, २०१४ ची, आणि त्या अधिकाऱ्याने एक पान माझ्याकडे वळवून बोट ठेवलं. माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, साहेबांचा फ्लॅट, बाणेर, व्हिजिट २. तो म्हणाला, मॅडम, खरेदीखतावर नाव तर या मुलाचं आहे, मग तुम्हाला कसं माहीत की फ्लॅट साहेबांचा? माझ्याकडे उत्तर नव्हतं. मला माहीतच होतं, दादा. पहिल्या दिवसापासून माहीत होतं, फक्त मी स्वतःला कधी विचारलं नव्हतं. तो मुलगा त्यांचा ड्रायव्हर होता. बाहेर बाकावर बसला होता, बायको बरोबर होती, मला बघून उठला आणि म्हणाला, ताई, मला सही कर म्हणाले म्हणून मी सही केली फक्त. मला काही झालं नाही, प्रश्न विचारून सोडलं, त्या वेळी आपल्यावर हा नियमही नव्हता. पण त्या मुलाचा चेहरा मी विसरले नाही. या सगळ्यात जो सगळ्यात गरीब असतो त्याचीच सही कागदावर असते.

म्हणून मी म्हणते की या कायद्यात फॉर्म वगैरे सगळं आहे पण खरं काम एकच आहे, पैसे कुणाचे आणि घर कुणाचं हे टोकनच्या आधी विचारायचं आणि जे उत्तर मिळालं ते लिहून ठेवायचं. बँकेला फक्त खात्यातली एंट्री दिसते, सब-रजिस्ट्रारसमोर पार्टी पाच मिनिटं अंगठा लावायला येते, वकिलाला कागद दिसतात. चपला हातात धरून दारात कोण उभं राहिलं हे फक्त आपल्याला दिसतं.

आता कागदाचं सांगते, पटापट. आधी एफआययूच्या फिनगेट पोर्टलवर नोंदणी. त्यात दोन माणसं नेमायची असतात, डेझिग्नेटेड डायरेक्टर, पार्टनरशिप असेल तर मॅनेजिंग पार्टनर, आणि प्रिन्सिपल ऑफिसर, जो रिपोर्ट पाठवेल. तुम्ही दोघे भाऊ आहात म्हणजे एकेक वाटून घ्या, बाहेरचा माणूस शोधायची गरज नाही. मग केवायसी. पॅन तर हवाच, शिवाय ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा म्हणून पासपोर्ट, लायसन्स, मतदार ओळखपत्र किंवा आधार यातलं काहीतरी. आधारची झेरॉक्स घेतली तर पहिले आठ आकडे झाकून ठेवा, लोकांच्या आधारच्या उघड्या झेरॉक्स ऑफिसात पडलेल्या मला अजिबात आवडत नाहीत. ओरिजिनल डोळ्यांनी बघा, व्हॉट्सॲपवर आलेला फोटो म्हणजे केवायसी नाही. आणि घेणारा आणि विकणारा दोघांचंही करा, मी फक्त घेणाऱ्याचा एजंट आहे असं म्हणून अर्धी फाइल ठेवू नका.

घेणारी कंपनी असेल तर जरा जास्त खोलात जावं लागतं, कंपनीचा पॅन आणि बोर्डाचा ठराव घेतला की झालं असं नाही, कंपनीच्या मागे हाडामांसाचा माणूस कोण ते शोधायचं. २०२३ पासून मर्यादा खाली आणलीय, आधी २५ टक्क्यांवर हिस्सा असलेला मालक धरत होते, आता १० टक्क्यांवर. शेअरहोल्डरांची यादी सीएच्या सहीने मागा, कंपनी खरी असेल तर एका दिवसात मिळते. मग यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखाली जाहीर झालेली नावं आणि युनोच्या निर्बंधांची यादी यात नाव तपासायचं, हे दोन मिनिटांचं काम आहे पण केलं हे लिहून, तारीख टाकून फाइलला लावायचं. या सगळ्याचं रेकॉर्ड पाच वर्षं ठेवायचं, व्यवहाराचे कागद व्यवहाराच्या तारखेपासून आणि केवायसीचे कागद ग्राहकाशी संबंध संपल्यापासून.

राजकारणी लोकांबद्दल लोक विचारतात म्हणून सांगते, नियमातली पीईपीची, म्हणजे राजकीय वजनाच्या व्यक्तीची, व्याख्या परदेशी सरकारातल्या मोठ्या पदावरच्या माणसांची आहे, आपला नगरसेवक किंवा झेडपी सदस्य त्यात बसत नाही. पण नियमात नाही म्हणून मी डोळे मिटत नाही, सरकारी पगारावर असलेल्या माणसाने तीन वर्षांत चौथा फ्लॅट घेतला तर तो माझ्या लेखी जास्त जोखमीचा ग्राहकच आहे आणि त्याच्याकडून पैशांचा कागद मी जास्त मागते.

पैसे कुठून आले हे विचारायला आपल्याला संकोच वाटतो, मला माहितीये. आपल्याकडे पगार आणि पैशांचा सोर्स विचारणं म्हणजे अपमान. माझ्याकडे मागच्या वर्षी एक निवृत्त मास्तर आले होते, भोरकडचे, ७० लाखांचा फ्लॅट मुलीजवळ घ्यायचा होता. मी फॉर्म पुढे केला, त्यात एक ओळ आहे, रक्कम कोणत्या खात्यातून येणार, ते खातं कोणाचं, आणि त्यात ती रक्कम कशी जमा झाली. मास्तर चिडले, "बाई, चाळीस वर्षं पोरं शिकवली, मी काय चोर वाटलो काय तुम्हाला?" मी म्हटलं, सर, तुम्ही चोर नाही हे मला दिसतंय म्हणूनच लिहून घेतेय, उद्या माझ्याजागी दुसरं कोणी विचारेल त्याला तुमचा चेहरा दिसणार नाही, कागदच दिसेल. थोडा वेळ गप्प बसले. मग पिशवीतून प्लास्टिकची फाइल काढली, गावची दीड एकर विकलेली, खरेदीखत, सातबारा, फेरफार, जमीन विकल्याचे पैसे जमा झालेल्या खात्याचं पासबुक, सगळं होतं. पाच मिनिटांत काम झालं. तेव्हापासून मी एक करते, हा फॉर्म साइट व्हिजिटच्या आधीच देते, टोकनच्या वेळी नाही. टोकनच्या वेळी दिला की माणसाला वाटतं ऐनवेळी अडवतायत, आधी दिला की वाटतं ऑफिसची पद्धत आहे.

आणि विकणाऱ्याकडेही बघा असं का म्हणते ते ऐका. समजा विकणाऱ्याने हा फ्लॅट कुणाला तरी फसवलेल्या पैशातून घेतलाय. तुम्ही एका नोकरदार जोडप्याला तो विकून दिला, त्यांनी वीस वर्षांचं कर्ज काढलं, पूजा घातली, राहायला आले. वर्षभराने ईडीची जप्ती आली, पहिली तात्पुरती जप्तीच १८० दिवसांपर्यंत असू शकते आणि पुढे प्राधिकरण, अपील. आपण प्रामाणिकपणे, पूर्ण किंमत देऊन घेतलं हे त्या जोडप्याने सिद्ध करत बसायचं आणि तोवर ईएमआय चालूच. वकिलाचा सर्च रिपोर्ट मागच्या तीस वर्षांची मालकी दाखवेल पण मालकाने पैसे कुठून आणले ते नाही दाखवत. म्हणून विकणाऱ्याने दोन-तीन वर्षांतच घेतलेली प्रॉपर्टी असेल, बाजारभावापेक्षा बऱ्याच कमी किमतीत घाईघाईने विकत असेल, पैसे स्वतःच्या खात्यात न घेता भलत्याच्या खात्यात मागत असेल, तर तिथे थांबा. हे मी घेणाऱ्यांसाठी सांगतेय, त्यांनी आपल्यावर विश्वास ठेवलेला असतो.

बाहेरदेशी असलेल्यांचं पण एक. आता नाशिक-पुण्याची पोरं दुबईला, अमेरिकेला आहेत, घर घेतात, कुलमुखत्यारपत्र काकाच्या नाहीतर वडिलांच्या नावे. यात वावगं काही नाही, रोजचं आहे. पण एनआरआयचे पैसे बँकेतूनच यायला हवेत, बाहेरून आलेले किंवा एनआरई, एनआरओ या त्यांच्या इथल्या खास खात्यांतले. काका म्हणाले की पोरगा तिकडे कोणाला तरी दिरहम देतो आणि इकडे मला एक माणूस रोख आणून देतो, तर तो हवाला आहे, त्याला दुसरं नाव नाही. आणि शेतजमीन एनआरआयला विकत घेता येत नाही, फार्महाउसही नाही, त्यामुळे जमीन गड्याच्या नावावर आणि पैसे साहेबांचे असं कोणी सुचवलं तर परत माझा तो ड्रायव्हर आठवा.

आता संशयास्पद व्यवहाराचा रिपोर्ट, एसटीआर. याच्याबद्दल सगळ्यात जास्त भीती आणि सगळ्यात जास्त गैरसमज. गुन्हा सिद्ध करायचं काम आपलं नाही. नियमात म्हटलंय की व्यवहारात गुन्ह्याचा पैसा असण्याची वाजवी शंका येत असेल, किंवा तो विनाकारण गुंतागुंतीचा वाटत असेल, किंवा त्याला आर्थिक अर्थच दिसत नसेल, तर तो संशयास्पद. रक्कम कितीही असो. आणि व्यवहार झालाच पाहिजे असंही नाही, प्रयत्न झाला आणि तुम्ही नाही म्हटलं तरी तो येतो. म्हणजे मी तर डीलच केलं नाही, मग कशाला रिपोर्ट, हे चालत नाही. शंका पक्की झाली की उशीर न लावता पाठवायचा. रोख १० लाखांच्या वर गेली, किंवा एकाच व्यवहाराचे तुकडे करून एका महिन्यात १० लाखांच्या वर गेली, तर त्याचा वेगळा रिपोर्ट पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत, पण आपल्या ऑफिसातून एवढी रोख जावीच का, मी तर ही वेळच येऊ देत नाही.

रिपोर्ट केला हे पार्टीला सांगायचं नाही. सूचकपणे पण नाही, तुमचं वर कळवावं लागेल हं असंही नाही. स्टाफमध्ये चर्चा नाही. चांगल्या हेतूने दिलेल्या रिपोर्टबद्दल तुमच्यावर दिवाणी किंवा फौजदारी केस होऊ शकत नाही, कायद्यात संरक्षण आहे. उलट काहीच केलं नाही तर एफआययूचा डायरेक्टर प्रत्येक चुकीला १० हजार ते १ लाख दंड लावू शकतो. आणि माहीत असून मदत केली असं निघालं तर मग तो दंडाचा विषय राहत नाही, ३ ते ७ वर्षं सक्तमजुरी आहे, आणि मिळालेल्या दलालीवरसुद्धा बोट येतं.

आता तुमची पार्टी.

एकेक गोष्ट सुटी करून बघू. रोख टोकन: प्रॉपर्टीच्या व्यवहारात इसार असो, टोकन असो, २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, १ जून २०१५ पासून, जुन्या आयकर कायद्यातलं २६९एसएस, आजही सगळे त्याच नावाने ओळखतात. दंड घेणाऱ्याला, आणि जेवढी रक्कम तेवढाच दंड. म्हणजे ३ लाख रोख घेतले तर ३ लाख दंड तुमच्या विकणाऱ्याच्या डोक्यावर, व्यवहार मोडला तरीही. हे विकणाऱ्याला तुम्ही आजच फोन करून सांगा, बहुतेकांना माहीतच नसतं. आणि तुम्ही स्वतःजवळ ठेवायला म्हणून तर अजिबात घेऊ नका.

८५ चे ६२: रेडीरेकनर ६२ येतो म्हणून ६२ दाखवले की आयकरात कुठे अडकत नाही, हे गणित सगळ्या बाजाराला पाठ आहे. पण विकणाऱ्यासमोर दुसरं गणित मांडून बघा, मी नेहमी कागदावर मांडते. २३ लाख लपवून तो किती वाचवतोय? फ्लॅट दोन वर्षांच्या वर त्याच्याकडे असेल तर दीर्घ मुदतीचा नफा, १२.५ टक्के, म्हणजे २ लाख ८७ हजार ५००, सेस धरून २ लाख ९९ हजार, सरचार्ज लागत नसेल तर. त्यातही दुसरं घर घेत असेल किंवा सहा महिन्यांत कॅपिटल गेनचे बाँड घेतले तर तेही लागणार नाहीत कदाचित. या तीन लाखांसाठी तो २३ लाखांची रोकड घरात ठेवणार, जी बँकेत भरता येत नाही, ज्यातून घर घेता येत नाही. आणि घेणाऱ्याच्या इंडेक्स टूवर, म्हणजे रजिस्ट्रेशनच्या नोंदीच्या उताऱ्यावर, ६२ कायमचे, उद्या तो एक कोटीला विकेल तेव्हा नफा ३८ लाखांवर मोजला जाईल, १५ वर नाही. मी खोटं सांगणार नाही, सगळे ऐकत नाहीत. पण पगारदार लोक ऐकतात, दहातले चार-पाच तरी पूर्ण चेकवर येतात, फक्त कोणीतरी आकडे मांडून दाखवायला लागतात.

नुसता कर चुकवणं हा स्वतःहून पीएमएलएच्या यादीतला गुन्हा नाही, हे तुमचा सीए सांगेल आणि ते बरोबर आहे. पण ते २३ लाख कराचे लपवलेले आहेत की लाचेचे, की कुठल्या पतपेढीतल्या ठेवीदारांचे, हे नोटांवर लिहिलेलं नसतं, आणि ते वेगळं काढायची तुमच्याकडे काही सोय नाही.

आणि मेहुणी. माझ्या मते खरी गाठ इथे आहे, टोकनमध्ये नाही. एक टक्का सवलत खरी आहे, २०२१ पासून महाराष्ट्रात बाईच्या नावावर घर घेतलं तर मिळते. पण सवलतच हवी असेल तर बायकोच्या नावावर का नाही? बेनामी कायद्यात स्वतःच्या उजळ कमाईतून बायकोच्या किंवा मुलांच्या नावावर घ्यायला मोकळीक आहे, मेहुणीच्या नावावर घ्यायला नाही. पैसे भाऊजींचे, नाव मेहुणीचं आणि घर वापरणार भाऊजी, तर ती बेनामी मालमत्ता, घर सरकारजमा होऊ शकतं, आणि शिक्षा १ ते ७ वर्षं, ती नाव देणाऱ्या बाईलाही. पण असंही असेल की मेहुणीच कमावती आहे, पैसे तिचेच आहेत, भाऊजी फक्त धावपळ करतायत, आपल्याकडे होतंच की असं, विधवा नाहीतर एकटी बहीण असेल तर भाऊजीच सगळे व्यवहार बघतात. म्हणून आधीच शिक्का मारू नका, विचारा.

तेव्हा उद्या पार्टी आली की पैसे टेबलावर यायच्या आधी सांगा की मेहुणीबाईंना फ्लॅट बघायला घेऊन या, त्यांचा पॅन आणि ओळखपत्र लागेल, टोकन त्यांच्या खात्यातून विकणाऱ्याच्या खात्यात जाईल, ५० लाखांच्या वर किंमत आहे म्हणजे १ टक्का टीडीएसही त्यांच्याच पॅनवर भरावा लागेल. आवाज चढवायचा नाही, संशय दाखवायचा नाही, आमच्याकडे सगळ्यांना हेच आहे एवढंच. बाई आल्या तर त्यांच्याशी तुम्ही नाही, घरातल्या किंवा स्टाफमधल्या एखाद्या बाईने बोललेलं बरं, भाऊजींना बाल्कनी दाखवायला न्या आणि तोवर तिला मेहुणीबाईंना साधं विचारू द्या, ताई, राहायला येणार का, कर्ज काढताय का, किचन कसं वाटलं. घर घेणारी बाई किचनबद्दल बोलल्याशिवाय राहत नाही, हा माझा वीस-बावीस वर्षांचा अनुभव आहे.

पार्टी म्हणाली की एवढं असेल तर आम्ही दुसरा एजंट बघतो, तर बघू द्या. तुम्ही म्हणाल की मी सोडलं तर शेजारचा करेलच. करेल. माझेही गेलेत असे, त्या वर्षी दिवाळीला स्टाफला बोनस कमी दिला मी. पण तीन दिवस त्या बाकावर मी बसून आलेय आणि कुठलीही दोन टक्के दलाली मला परत तिथे बसण्याएवढी मोठी वाटत नाही.

आणि ते गेले की त्याच संध्याकाळी लिहून ठेवा, तारीख, कोण आलं, काय म्हणाले, रोख किती देत होते, नाव कोणाचं सांगत होते. मग दोघे भाऊ बसून ठरवा की हा एसटीआर होतो का, मला तुमच्या सांगण्यावरून होईल असं वाटतंय, पण मेहुणीबाईंचं उत्तर आल्याशिवाय पक्कं करू नका. मात्र पोर्टलची नोंदणी त्याची वाट बघत ठेवू नका, आजच सुरू करा, कारण नोंदणी नसेल तर रिपोर्ट पाठवायचा ठरला तरी पाठवता येणार नाही. फॉर्म भरताना कुठे अडलं तर विचारा, मी आमच्या वेळी कुठे अडलो होतो ते सांगेन.